सतराची रेघ

ग्लोव्हबॉक्सचे काळे रबरी हात
कोणा धिप्पाड माणसाच्या मापाचे.
माझे त्यात कोपरापर्यंत जातात
आणि बोटांची टोकं रिकामी लोंबत राहतात.
आत आर्गॉन. बाहेर मिडल्सबरो,
टीस नदीवरून येणारी भुरभुर
खिडकीवर, बसच्या काचेवर, क्लिफर्डच्या चष्म्यावर.

आमच्या गल्लीतल्या वझेकाकू
ओलेत्याने स्वयंपाक करत. ओलं ते शुद्ध.
इथलं सोवळं नेमकं उलटं:
पाणी नुसतं शिवलं
की विटाळ, फसफस,
तीन आठवडे फेसात.
आणि नाकाला खाज सुटते ती
दोन्ही हात आत असतानाच.

काम सांगायला सोपं.
मध्ये मॅग्नेशियम. त्याच्याभोवती बोरॉन,
एकेकाच्या अंगाखांद्यावर चार हायड्रोजन,
लेकुरवाळे.
मग नायट्रोजनवाला एक लिगंड घ्यायचा,
दोन्ही टोकांनी हात देणारा,
आणि खाटेची नवार विणावी तसं
एका मॅग्नेशियमला दुसऱ्याशी ओवत जायचं.
बोरॉनकडचा हायड्रोजन किंचित ऋण,
नायट्रोजनकडचा किंचित धन,
एकमेकांकडे बघत बसलेले,
मध्ये दोन अँगस्ट्रॉमचा उंबरठा.
फार जवळ आणले तर बाटलीतूनच पसार.
फार लांब ठेवले तर तीनशे अंशांपर्यंत
ढिम्म.
धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं
हे कोणीतरी आधीच सांगून ठेवलंय,
मी फक्त त्याचा आलेख काढते.

क्लिफर्ड आमचा तंत्रज्ञ.
त्याआधी सव्वीस वर्षं रेडकारला, पोलादाच्या भट्टीवर.
व्हॅक्यूमची गळती तो कानाने ओळखतो.
हेमांगीचं त्याने हेमी केलंय, पहिल्याच दिवशी,
न विचारता.

एकशे तीन नंबरचा नमुना पंचेचाळीस अंशांना वितळला,
पाकासारखी तार धरली
आणि नळीत चढून बसला.
"टॉफी," क्लिफर्ड म्हणाला.
एकशे सातने हायड्रोजन दिला, भरभरून दिला,
पण सोबत पडद्यावर सतराची रेघही उठली:
अमोनिया. इंधनघटाला विष.
असं नासवून देण्यापेक्षा
न दिलेलं बरं.

एकशे चौदा शुक्रवारी रात्री केला.
लिगंडमध्ये एक कार्बन जास्त, बाकी तेच.
सोमवारी क्लिफर्ड दारातच थांबला, मान तिरकी करून.
डाव्या करंगळीला टाचणीएवढं भोक,
त्याच रिकाम्या टोकाला,
जिथे माझं बोट कधी पोचलंच नव्हतं.
दोन दिवस टीसची हवा आत शिरत होती.
एकशे आठपासून तेरापर्यंत सगळ्यांचा चिखल.
चौदा तेवढा कोरडा, मोकळा,
भाजलेल्या रव्यासारखा.

तापवला. साठ. सत्तर.
ब्याण्णववर दोनची रेघ उठली,
आधी चोरपावलांनी, मग धावतच.
आम्ही दोघं मात्र सतराकडे बघत होतो.
सतरा जागची हलली नाही.

क्लिफर्डने चष्मा पुसला. चहा केला.
तागडीने सांगितलं, साडेसहा टक्के वजन गेलं.
मग त्याने विचारलं,
पुन्हा भरता येतो का हा?

नाही.
शंभर बार दाबाखाली रात्रभर ठेवून पाहिला,
करडी भुकटी करडीच राहिली.
सोडणं शिकला, घेणं नाही.

भट्टीचंही असंच, तो म्हणाला,
एकदा गार पडू दिली
की आतलं लोखंड आतच गोठतं.
मग पेटवायची म्हटली तरी
पेटवायला जागा उरत नाही.

मला वाटलं, भुकटी आता टाकाऊ डब्यात जाणार.
त्याने ती लहान कुपीत भरली,
चिठ्ठी लावली: ११४, रिकामा.
खाली पेन्सिलीने, बारीक अक्षरात: सध्या.

नवे हातमोजे आले. तेही मोठ्याच मापाचे.
एकशे पंधरासाठी मी आत हात घातले
आणि नाकाला खाज सुटली.